बाळंतविडा

चिखलीला कापसाच्या बाजारामागं टिनाचं टॉकीज होतं. तिथं शुक्रवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असे. शालू कधी जात नसे. बाळाला ठेवून नळावर गेली तरी तिचा जीव टांगणीला लागे. त्या दिवशी मात्र सासूच म्हणाली, "जाय माय, मी आहो ना." शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी तिला हाताला धरून नेलं.

जिवाला घोर लागायला कारण होतं. शालू उकंडराव पाटलांची लेक. अमरावतीला बी.ए. झाली आणि वडिलांच्या शेतावर राबणाऱ्या सालदाराच्या मुलाशी, जानराव मास्तरांशी, लग्न करून मोकळी झाली. बाळ झाल्यावर माहेरून एवढाच निरोप आला : नातू आमचा, तू आमची नाहीस. मग बाळंतविडा कोण धाडणार? पहिल्या मुलाला आजोळची आंगडी-टोपडी आलीच नाहीत. शालूनं आपल्याच लुगड्याचे तुकडे जोडून दुपटं शिवलं. रडतं बाळ मांडीवर, त्या घाईत पोपटाचं ठिगळ उलटं बसलं. उसवीन उसवीन म्हणता राहून गेलं.

बोलपट तीस वर्षांमागचा, चित्रं नुकती बोलायला लागली तेव्हाचा. जमीनदाराची मुलगी माळ्याच्या पोरावर जीव लावते. ओठ आधी हलत, आवाज मागून येई.

"बाई चिखलीत, अन् आवाज मेहकरात!" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. शालूही हसली.

मध्यंतरानंतर पडद्यावर झोपडी आली, झोपडीत पाळणा. नायिकेनं बाळावर दुपटं घातलं. ठिगळाठिगळाचं. कडेला पोपट, डोकं खाली, शेपूट वर.

शालूनं पदर तोंडाशी धरला. असतात अशी ठिगळं, तिनं स्वतःला समजावलं.

मग जमीनदाराचा गडी आला. डोक्यावर लाल फडक्यात बांधलेली टोपली. बापाचा राग गेला, बाळंतविडा आला. नायिकेनं हरखून बाळाला जरीचं टोपडं घातलं.

पुढच्या चित्रात पाळणा रिकामा होता. ती झोका देतच होती. ओठ अंगाईचे हलत होते, आवाज मुळीच नव्हता. फक्त कडी कुरकुरत होती. शालू ती कुरकुर रोज ऐकत होती, आपल्या घरात.

"तो पोपट पाहिला का तुम्ही?" तिनं विचारलं.

अन्नपूर्णाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "कोनता पोपट? पांढरं धोतर तर पांघरलं होतं लेकरावर."

शालू उठली. बाहेर लख्ख ऊन होतं. ती जवळजवळ पळतच घरी आली.

दार उघडं होतं. चांगुणाबाई, तिची सासू, पाळण्याशी बसली होती. दाराकडं पाठ. शेजारी रिकामी टोपली आणि लाल फडकं.

"तुह्या बापानं धाडलं," सासू झोका देत म्हणाली. "आली शेवटी माया. टोपडं घालून देल्लं मी त्याले."

पाळण्याच्या कडेवरून दुपटं लोंबत होतं. पोपट आता सरळ दिसत होता.

शालूनं सासूच्या हातातून दोरी घेतली.

दोरी फार हलकी लागली.

सासूनं वळून पाहिलं. तिचे ओठ हलले, मिटले.

मग आवाज आला, "आत्ताच निजला."