उगवतीकडची खिडकी

ओरिएंटेशन, म्हणजे स्वागत

"ओरिएंटेशनचा हॉल कुठंय?"

"उगवतीला सरळ जा. चिंचेपाशी हाय."

मनवा तरातरा निघाली. मागून हाक आली, "ओ मॅडम! उगवतीला म्हणलं… तुमी मावळतीला निघाल्या!"

हाक मारणारा समर्थ. कर्जतचा, तिच्यासारखाच राहुरीला उद्यानविद्येच्या एम.एस्सी.ला नवा आलेला. त्याला हसू आलं, आणि मनवाला रडू. राहुरीत उतरल्यापासून तिच्या दिशाच फिरल्या होत्या. कोपरगावहून येताना कोल्हारचा पूल दिसला, मग डुलकी लागली, आणि जाग आली ती थेट विद्यापीठाच्या फाटकाशी. तेव्हापासून सूर्य भलतीकडूनच उगवत होता. मेसला निघावं तर ग्रंथालय समोर यायचं.

तिनं घरी सांगूनही टाकलं होतं, "अप्पा, रविवारी न्यायला या. मला इथं नाही राहायचं."

का, ते सांगितलं नव्हतं. सूर्य चुकतोय असं कसं सांगणार?

म्हणजे ओळींची दिशा

सरांनी शेतावर जोड्या पाडल्या. मनवाच्या वाट्याला समर्थ आला. पेरूच्या ओळी दक्षिणोत्तर आखायच्या होत्या.

"ओरिएंटेशन चुकलं तर झाडं एकमेकांचं ऊन खातील," सर म्हणाले आणि पुढच्या जोडीकडे गेले.

मनवानं खुंटी ठोकली, दोरी ताणली, चुना टाकला. ओळ सुरेख आली. फक्त पूर्व-पश्चिम.

"तुला कळत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

समर्थ दोरी गुंडाळत होता. "दुसरं टोक तुझ्या हातात हुतं. म्हणलं बघू… कुठवर नेतीय."

तिनं चुन्याची मूठ उगारली. मग मूठ सोडली, आणि बांधावर बसून सगळं सांगितलं. डुलकीचं, सूर्याचं, अप्पांचंही. या वेळी तो हसला नाही.

"आमच्याकडं याला औषध हाय. जितं डोळा लागला तितं परत जायचं, अन् जागं राहून यायचं. शनिवारी जाऊ."

"आणि नाही झालं नीट तर?"

"तर रविवारी अप्पा हायेतच की."

दोरी कधीच गुंडाळून झाली होती. तो मात्र गुंडाळतच राहिला.

म्हणजे मोबाईल आडवा धरणं

"आडवा धर, सगळी ओळ येऊ दे," नव्यानं आखलेल्या ओळीच्या टोकाला उभा राहून तो ओरडला. तिनं मोबाईल उभाच धरला. ओळ आलीच नाही… तो तेवढा आला.

म्हणजे…

शनिवारी सकाळी कोल्हारच्या स्टँडवर चहा झाला. परतीची बस लागली.

"ऊन डाव्या अंगाला राहील. ती उगवत," समर्थनं बजावलं. "फाटकापातूर नजर हलवायची न्हाई."

आणि डावीकडची खिडकी पकडून स्वतःच बसला.

"अरे! बाहेर मी बघायचंय ना?"

"मला…" त्याचे कान लाल झाले. "मला बस लागती."

खिशातून लिंबू काढून त्यानं नाकाशी धरलं. म्हणजे बाहेर बघायचं तर त्याच्यावरून बघायला हवं. पूल गेला. ऊस गेला. एक कारखानाही गेला म्हणतात. मनवाला दिसली ती त्याच्या कानाच्या पाळीवर बसलेली उन्हाची तिरीप, आणि खड्डा आला की घट्ट मिटणारे डोळे.

"बघतीयस ना?" लिंबामागून आवाज आला.

"बघतेय."

"काय बघतीयस?"

"…उगवत."

फाटकाशी उतरल्यावर तो म्हणाला, "सांग. उगवत कुठं?"

मनवानं ठामपणे बोट दाखवलं. मावळतीकडे.

तो खो-खो हसला… आणि हसू मध्येच विझलं. "म्हंजे उद्या जाणार तू."

तिनं मोबाईल काढला. "हॅलो, अप्पा? उद्या नका येऊ… हो… नाही, सगळं तसंच आहे. असू दे."

समर्थ बघतच राहिला. "पर औषध तर लागलं न्हाई!"

"कसं लागेल? खिडकीत तू बसलेलास." मनवा चालू लागली. चुकीच्याच दिशेला, पण सावकाश, त्याला गाठता येईल अशी. "परत जावं लागेल. पुढच्या शनिवारी."

"मला बस लागती, मनवा…"

"माहितीय," ती मागं न बघता म्हणाली. "लिंबू मी आणीन."