ती बाटली रिकामी नव्हती

"कुणी सांगितला होता तुम्हाला हा शहाणपणा?"

हे लॅबमधल्या संशोधक मॅडमचं माझ्याशी पहिलं वाक्य. ना नमस्कार, ना काही.

मी लॅबमधले फ्रीझर दुरुस्त करतो, उणे ऐंशी अंशांवाले. शिकलो कुठे नाही, उघडून-उघडून कळत गेलं. त्या दिवशी बर्फ काढताना करंगळीएवढ्या सहा बाटल्या मिळाल्या. लेबलं गळालेली, आत काहीच नाही. टाकल्या कचऱ्यात. वर स्वतःलाच शाबासकी... आवरून दिलं म्हणून!

"रिकाम्या होत्या, मॅडम."

"रिकाम्या?" तिचा चष्मा नाकाच्या टोकाशी आला. "एकीत माझा रिसेप्टर होता. शेवटचा!"

"दिसत नाही तर आहे कशावरून?"

"साखरेच्या एका दाण्याचे साठ तुकडे करा. त्यातल्या एकाएवढी पावडर आहे. दिसेल? 'वाढ' असा निरोप पेशीला येतो ना, तो झेलणारं प्रोटीन ते. दुसऱ्या पेशींकडून मुद्दाम बनवून घेतलेलं. उद्या त्याची चाचणी झाली नाही तर सर माझी जागा दुसऱ्याला देतील. कळलं?"

कळलं. पण रागही आला, खोटं कशाला बोलू? न दिसणारी वस्तू ठेवायची, लेबल धड चिकटवायचं नाही, आणि ओरडायचं फ्रीझरवाल्यावर!

"लेबल कुणी लावलं होतं?"

"...मी."

"मग!"

"मग काय मग? शोधा आधी!"

कचऱ्याची पिशवी जमिनीवर पालथी केली. वापरलेल्या हातमोज्यांच्या ढिगात डोकी घालून आम्ही भांडत होतो. पाच सापडल्या, पण पाचही पांढऱ्या झाकणांच्या, म्हणजे खरंच रिकाम्या; तिची निळ्या झाकणाची होती. तिचे डोळे भरले. आणि एकदम तिची नजर माझ्या पायाशी गेली... माझ्या पॅन्टच्या दुमडीत निळं झाकण!

मी झटकन उचलून उघडायला गेलो.

"थांबा!" तिने मनगटच धरलं. "आधी मशीनमध्ये फिरवायची. पावडर झाकणाला चिकटलेली असते. घाईने उघडलं की गेली उडून."

बाटली मिळाली होती. मनगट मात्र धरलेलंच होतं. दोघांच्याही लक्षात आलं... जरा उशिराच.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज : 'चाचणीत पिवळा रंग आला. प्रोटीन शाबूत. तरी चूक तुमचीच.'

मी लिहिलं : 'लेबलाची.'

मग नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी फोन.

"काय काम केलंत हो तुम्ही?"

"का? बंद पडला?"

"नाही ना! एकदाही नाही. साधा अलार्मसुद्धा वाजला नाही. असं पक्कं काम करतात का? मग मी बोलवायचं कसं तुम्हाला?"

माझा पाना हातातच राहिला.

"मॅडम... बोलवायला फ्रीझर कशाला बिघडायला हवा?"

"मग काय सांगू?"

"नुसतं 'ये' म्हणायचं."

मी पाना खाली ठेवला.

"ये," ती म्हणाली. चिडूनच म्हणाली. "आणि थंडीत न गळणारी लेबलं घेऊन ये. चूक तुझीच होती!"