अमोलचा बिल्ला

श्रीपाद शनिवारी दुपारी आला. बदरपूरपर्यंत मेट्रोने, पुढे ऑटोने. गेटवरून इंटरकॉम वाजला.

"साहब, श्रीपाद नाम का आदमी है. भेज दूँ?"

"भेज दो," मी म्हणालो.

आमच्या सोसायटीत हीच रीत. वरून होकार गेल्याशिवाय गेट उघडत नाही. गार्ड सारखे बदलतात. ठेकेदार नवे आणतो, त्यांना कोण कुणाचा ते माहीत नसतं, म्हणून ते सगळ्यांना विचारतात. लोक चिडतात. मला ती रीत पसंत होती.

मी सातवी शिकलो. फरीदाबादच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत टूलरूम सांभाळली. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला असे, त्यावर नंबर कोरलेला. बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि हत्यार घेऊन जायचं. माणूस नोकरी सोडून गेला किंवा वारला, की त्याच दिवशी मी त्याचा बिल्ला उतरवत असे. माझ्या टूलरूममधून एक ड्रिलसुद्धा कधी हरवलं नाही.

फरीदाबादेतच, कालव्यापलीकडच्या नहरपारचा हा फ्लॅट अमोलने घेतला. अमोल माझा मुलगा. नवी वस्ती, उंच इमारती, अर्ध्याअधिक रिकाम्या. समोरच्या इमारतीला अजून खिडक्या बसलेल्या नाहीत. वारा तिच्या भोकांतून शिरतो आणि नवव्या मजल्यावर आमच्या हॉलपर्यंत हुंकार ऐकू येतो. थंडीत धुकं पडलं की ती इमारत दिसत नाही, हुंकार मात्र येतच राहतो.

अमोल गुडगावला रात्रपाळी करायचा. परदेशातले लोक जागे असत तेव्हा याचं काम. सकाळी कंपनीची कॅब त्याला आणून सोडी. दुपारी तो हॉलमध्येच दिवाणावर झोपे. माझा आवाज मोठा, मशीनच्या खडखडाटात बोलायची सवय. प्रमोदिनी, माझी बायको, दिवसातून दहा वेळा मला दटावी, "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

गेल्या जानेवारीत पहाटेच्या धुक्यात त्याची कॅब उभ्या ट्रकवर आदळली.

पोलिसांनी त्याचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. काच फुटलेली, आतली बॅटरी फुगलेली. ती पिशवी मी कपाटात ठेवली.

दिवाणाशेजारी त्याचा डबा राहिला. काळा, पावाच्या लादीएवढा. आत दोन डिस्क. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज त्यात साठवलेले. कुणी काही उघडलं की त्यातून कर्र कर्र असा बारीक आवाज येई, भुंगा लाकूड पोखरतो तसा. अमोल म्हणायचा, "बाबा, हे आपलं घरचं कपाट. मी कुठेही असलो तरी फोनवरून उघडता येतं."

सून वैभवी पुण्याला माहेरी गेली होती. दिवाळीनंतर तिचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. मी ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "बाबा, एक मागू का? अमोल रात्री कॅबमधून मला निरोप पाठवायचा, त्याच्या आवाजात. ते सगळे त्या डब्यात आहेत. पूर्वी माझ्या फोनवर ऐकू यायचे, आता लागत नाहीत. लग्न होऊन तिकडे जायच्या आधी एकदा ऐकायचेत. श्रीपाद करून देईल म्हणाला."

"बघतो," मी म्हणालो.

म्हणून श्रीपाद आला होता. तो अमोलच्या ऑफिसातला, मूळ नाशिकचा, मयूर विहारला राहणारा. दिवाणावर बसून त्याने लॅपटॉप उघडला. प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसली.

"काका, अमोलने घाईत बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं होतं," तो म्हणाला. "कुठले कुठले लोक येऊन कडी वाजवताहेत बघा. हे बंद करतो. आता घरापासून थेट आपल्या फोनपर्यंत एक बंद गल्ली. ज्याचं नाव इथे असेल तोच त्या गल्लीत शिरणार. दुसरं कुणी आलं तर तुमच्या फोनवर विचारणा येईल. हो किंवा नाही, एक दाबायचं."

"गेटसारखं."

"बिल्कुल गेटसारखं. आणि मालक तुम्ही. तुमच्या परवानगीशिवाय कुणी आत नाही."

मला ते आवडलं. त्याने माझा फोन घेऊन काय ते केलं. मग पडद्यावरची नावं वाचली.

"बाबा फोन. वैभवी फोन. अमोल फोन…" तो थांबला. "अच्छा… हे चुकीचं दाखवतंय."

"काय?"

"अमोलचा फोन शेवटचा कधी आत आला होता ते. आजची दुपार दाखवतंय. डब्याचं घड्याळ बिघडलं असेल."

प्रमोदिनीचे हात थांबले. "राहू दे ना ते नाव," ती म्हणाली. "कुणाचं काय जातंय?"

"माणूस गेला की बिल्ला उतरवायचा," मी म्हणालो. "काढ रे."

श्रीपादने काढलं. डबा जरा कर्र कर्र वाजला आणि गप्प झाला.

"आता वैभवीला तेवढी नवी चावी पाठवतो, म्हणजे झालं."

"तिचंही काढ."

त्याने मान वर केली. "काका, हे सगळं तिच्यासाठीच तर…"

"ती आता या घरची नाही. काढ म्हटलं ना."

माझा आवाज चढला असावा. प्रमोदिनीने दिवाणाकडे बघितलं. त्या रिकाम्या दिवाणाच्या टोकाला फक्त श्रीपाद बसला होता. श्रीपादने नाव काढलं, लॅपटॉप मिटला आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

मी वैभवीला फोन केला. "मशीन बिघडलंय. होत नाही म्हणतो श्रीपाद."

"बरं, बाबा," ती म्हणाली. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमोदिनी आत पडली होती. बाहेरचं धुकं अजून विरलं नव्हतं. मी हॉलमध्ये एकटा बसलो होतो. माझा फोन थरथरला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. नावापुरतं इंग्रजी मला वाचता येतं.

अमोल फोन. खाली हो आणि नाही.

श्रीपादची काहीतरी चूक असेल म्हणून मी नाही दाबलं. फोन ठेवला नाही तोच पुन्हा तेच. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी उठलो आणि कपाट उघडलं.

पिशवी जागेवर होती. आतून तिला दव धरलं होतं. थेंब प्लास्टिकवरून ओघळून तळाशी पाणी साचलं होतं. फोन थंडगार आणि मेलेलाच. पिशवीला वास येत होता, धुक्यात भिजलेल्या लोकरी जाकिटाचा. सकाळी दार उघडलं की अमोल आत यायच्या आधी यायचा, तोच वास.

हातातला माझा फोन थरथरला. मी नाही दाबलं. मी आयुष्यभर तसाच वागलो.

त्यानंतर विचारणा आली नाही. मागे डबा वाजायला लागला. कर्र… कर्र… थांबत, सावकाश, कुणी एकेक कप्पा उघडून बघत असल्यासारखा. भिंतीवरचं बटण मी बंद केलं. डब्यावरचा दिवा गेला. आवाज मात्र तसाच सुरू होता… झोपलेल्या माणसाचं नाक दाबून धरावं तसं मला वाटलं. मी बटण परत लावलं.

फोन बघितला. आता पडद्यावर एकच ओळ होती. ती अक्षरं लावून लावून वाचली. तुमच्या नावाला परवानगी नाही, मालकाला विचारा. आणि मालकाच्या जागी नाव होतं अमोल फोन.

श्रीपादला लगेच फोन केला. "असं होऊच शकत नाही, काका," तो म्हणाला. "मालक तुम्ही आहात. काहीतरी चुकून दाबलं असेल. पुढच्या रविवारी येतो."

संध्याकाळी वैभवीचा फोन आला. रडून आवाज बसला होता, पण खूश होती.

"बाबा, बिघडलंय म्हणालात आणि लगेच दुरुस्तही करून घेतलंत. दुपारपासून ऐकतेय. किती साठवून ठेवलंय त्याने. तुम्ही परवानगी दिलीत, मला वाटलं नव्हतं…"

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. प्रमोदिनी समोर उभी होती.

"हो," मी म्हणालो. "दिली."

फोन ठेवल्यावर प्रमोदिनी म्हणाली, "तुम्ही दिलीत?"

मी फोन चार्जिंगला लावायला वळलो. तिने दिवाणावरची चादर झटकून नीट केली आणि पायथ्याशी रजई ठेवली. गेल्या जानेवारीनंतर तिने ती रजई काढली नव्हती.

सोमवारी दुपारी आम्ही दोघं बाजारात गेलो. कुलूप मी लावलं, ओढून बघितलं. किल्ली खिशात ठेवली. दुसरी किल्ली प्रमोदिनीच्या पर्समध्ये. घरात तिसरं माणूस नाही.

परत आलो तर गेटवर नवा गार्ड. कोवळा पोरगा, कानटोपी घातलेला.

"किस फ्लॅट में जाना है?"

"अपने घर में," मी म्हणालो. "नौ सौ चार."

"एक मिनट, साहब. पूछ लेता हूँ."

"किससे पूछेगा? घर पे कोई नहीं है."

त्याने तोवर इंटरकॉम उचलला होता. धुक्यात वरचे मजले दिसत नव्हते. प्रमोदिनीच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

"जी, नमस्ते," गार्ड म्हणाला. "गेट से बोल रहा हूँ. एक बुज़ुर्ग हैं, माताजी साथ हैं… जी… जी, अच्छा."

त्याने इंटरकॉम खाली ठेवला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

"माताजी को भेजने को बोला है," तो म्हणाला. "आपको… बोले, अभी रुकने दो."

"कौन बोला?"

"घर के ही हैं, साहब. ऐसे ही बोल रहे थे."

मी काही बोलायच्या आत प्रमोदिनीने त्याला विचारलं, "आवाज कैसी थी, बेटा?"

"धीरे बोलते हैं, माताजी. जैसे अभी नींद से उठे हों."

तिने माझ्या हातातली दुसरी पिशवी घेतली. तिला ओझं झेपत नाही, गुडघे दुखतात. तरी घेतली. माझ्याकडे न बघता छोट्या गेटातून आत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

मी गार्डाच्या बाकावर बसलो. मी आरडाओरडा केला असता तर गेट उघडलं असतं. सेक्रेटरी मला ओळखतो. पण माझ्या तोंडून आवाज निघेना. कारखान्यात कितीजण माझ्या खिडकीसमोर असे बसलेले आठवले. बिल्ला नाही तर हत्यार नाही, मी म्हणायचो, आणि खिडकी लावायचो.

शेवटी वैभवीला फोन लावला.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मशीन बिघडलं नव्हतं. तुझं नाव मीच काढायला लावलं. परत घातलं ते मी नाही."

ती म्हणाली, "मग कुणी, बाबा?"

मी वर, धुक्यातल्या मजल्यांकडे बघितलं.

"शेवटचा एक निरोप मला कळला नव्हता," ती हळूच म्हणाली. "तारीख कालची आहे. मला वाटलं, घड्याळ चुकलं असेल."

"काय आहे त्यात?"

"काही नाही… कुणीतरी झोपेत श्वास घेतंय. एवढंच. खूप वेळ."

"ऐक तू," मी म्हणालो. "तुझंच आहे ते. लग्नानंतरही ऐक. कुणी काढणार नाही."

"बाबा…" ती म्हणाली.

मी फोन खिशात टाकला. तेवढ्यात चौकीतला इंटरकॉम वाजला. गार्डने उचलला, ऐकलं, ठेवला.

"साहब, ऊपर से बोला है. अब भेज दो."

"माताजी बोलीं?"

"नहीं साहब. वही. जो धीरे बोलते हैं."

गार्डने मला हाताला धरून उठवलं.

लिफ्टमध्ये फोन थरथरला. हिरवी खूण आली होती. परवानगी मिळाली, आणि देणाऱ्याचं नाव. ते मी दुसऱ्यांदा वाचलं नाही. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार सरकलं आणि भिजलेल्या लोकरीचा वास आला. आमचं दार अर्धवट उघडं होतं. आत डबा वाजत नव्हता. हॉलचे पडदे ओढलेले, अमोल झोपायचा तेव्हा प्रमोदिनी ओढत असे तसे.

मी दाराशी जाऊन तिला हाक मारणार, तोच ती अंधारातून पुढे आली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."