डाव्या पायाचा संशय

दुष्काळात पाण्याच्या रांगेतला आपला नंबर जो माणूस हसत हसत दुसऱ्याला देतो, तो एक तर वेडा असतो नाहीतर चोर. महादेवीचं हे मत एका संध्याकाळी अवघ्या पाच मिनिटांत पक्कं झालं, आणि पुढं कित्येक आठवडे तिनं ते कुणाला हलवू दिलं नाही.

साल असं कोरडं होतं की लातुरातल्या म्हशी म्हणे टँकरचा हॉर्न ऐकूनच ढेकर द्यायच्या. जिल्हा नवाकोरा, उस्मानाबादेतून निघून चारच वर्षं झालेली. ऑफिसं आली, खुर्च्या आल्या, साहेब आले. पाणी तेवढं मागंच राहिलं. तूर पिकली नाही म्हणून महादेवीच्या अप्पांची, म्हणजे बसलिंगप्पांची, डाळ मिल बंद पडली होती. मिलमागचं डाळ वाळवायचं सिमेंटचं पटांगण रिकामं पडलं. वर्षानुवर्षं तेल चोळलेली तूर त्यावर घोळून घोळून ते असं गुळगुळीत झालं होतं की माशी बसली तर घसरून भिंतीला लागायची.

त्या पटांगणावर महादेवी चार चाकांचे बूट घालून फिगर स्केटिंग करायची. खरं तर तो बर्फावरचा खेळ. पण लातुरात बर्फ मिळायचा तो फक्त सरबताच्या गाड्यावर, म्हणून इथं चाकांवर. सोलापूरच्या मावशीकडं राहून ती शिकून आली होती. नवा जिल्हा म्हणून पहिल्यांदाच लातूरची मुलगी विभागाच्या निवडीला जाणार होती. जागा एक. आणि तिची उडी काही केल्या बसत नव्हती.

उजव्या पायावर उलटं, मागं मागं घसरत यायचं, त्याच पायावरून उडायचं, हवेत एक गिरकी घ्यायची आणि परत त्याच पायावर उतरायचं. त्या संध्याकाळी ती उडाली… आणि धपकन बसली.

"डावा पाय उघडतोय," भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं.

पटांगणाची भिंत छातीइतकी. पलीकडं टँकरची रांग. रांगेत घागर घेऊन एक उंच, सावळा तरुण उभा, आणि नजर सरळ तिच्या पायांवर.

"काय बघलालाव?" ती कपडे झटकत म्हणाली.

"पाय बघून राहिलो," तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला रागवायचं कसं तेच सुचेना. "हवेत डावा पाय उजव्यावर चढला पाहिजे, घोट्यावर घोटा. तुमचा बाहेर फेकला जाऊन राहिला. मग गिरकी अर्ध्यातच उघडते."

एवढ्यात रांग पुढं सरकली. त्याच्यामागं उभ्या असलेल्या केवळाबाईंनी घागर पुढं रेटली, तर यानं त्यांना खुशाल पुढं घातलं. त्यांनाच नाही, मागच्या आणखी दोघींनाही. टँकर कोरडा झाला आणि हा रिकामी घागर घेऊन, शीळ घालत गेला.

वेडा की चोर… महादेवी रात्री जेवतानाही तेच घोळवत राहिली.

तो दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. नाव मन्मथ, कलेक्टर कचेरीत नुकताच बदलून आलेला, एकटा राहणारा. ती मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून सराव करायची आणि नेमकी त्याच्या समोरच येऊन पडायची. ती पडली तरी तो हसायचा नाही, याचाही तिला संशय आला. चांगली माणसं हसतात.

एक दिवस तो म्हणाला, "चूक पायात न्हाई हो. हातात हाय."

तिनं भुवई उचलली.

"उडताना तुमचा उजवा हात छातीला जातो. दर खेपेला. हात गेला की खांदा ओढला जातो, खांदा गेला की तोल जातो, आणि तोल धरायला डावा पाय बाहेर पळतो."

महादेवीचा हात नकळत छातीवर गेला. गळ्यातल्या शिवदोऱ्यात चांदीची डबी, डबीत इष्टलिंग. लहानपणी दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. गिरकीत ते उसळू नये, आपटू नये म्हणून हात आपोआप धावायचा. आजवर तिलाच कळलं नव्हतं.

"कपड्यात घट्ट गुंडाळून दंडाला बांधा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपल्यात चालतंय ते. माझी आजी शेतात जाताना तसंच बांधायची."

म्हणजे हाही लिंगायत. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा संशय आला. ऐन निवडीच्या तोंडावर हात बदला, सवय बदला… यात याचा काय फायदा?

फायदा पंचशीलानं शोधून आणला. पंचशीला तिची मैत्रीण. गंजगोलाईच्या बाजारात कुणाला शिंक आली तरी तिला आधी कळायचं. ती सांगत आली की हा नांदेडचा, आणि नांदेडहून निवडीला जी गौरम्मा उतरणार आहे ती याची सख्खी धाकटी बहीण.

महादेवी तशीच चाकांवरून भिंतीशी गेली. "गौरम्मा तुमची कोण?"

"बहीण."

"सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला या भिंतीपाशी उभं केलं असतं का?"

"मग मला कशाला शिकवता?"

त्यानं घागर उचलली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. न येण्याचाही तिनं संशय घेतला. डबी गळ्यातच राहिली, हात छातीला जात राहिला आणि ती पडत राहिली.

निवड नांदेडला होती. पंचशीलाला घेऊन महादेवी पोचली तेव्हा गौरम्मा फरशीवर उतरत होती. उलटी घसरत आली, उडाली. हात पोटाशी गच्च, घोट्यावर घोटा, दोन्ही पाय वळलेल्या दोरीसारखे एक. उजव्या पायावर उतरून डावा मागं नेला तेव्हा तिची बाही वर सरकली. दंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं होतं.

जे सख्ख्या बहिणीला शिकवलं, तेच मन्मथनं महादेवीलाही सांगितलं होतं. तसूभर कमी नाही.

गौरम्मा बाहेर आली तशी महादेवी तिच्यासमोर उभी राहिली. डबीतलं लिंग कपाळाला लावलं, रुमालात गुंडाळलं आणि दंड पुढं केला. "बांधून देता का? एका हातानं घट्ट बसंना."

गौरम्मानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का त्या लातूरच्या? दादा रविवारी घरी येतो आणि दिवसभर तुमच्या डाव्या पायाचं बोलतो. मला पाय हायेत का न्हाईत, त्याच्या ध्यानातबी न्हाई." गाठ मात्र तिनं अशी आवळली की महादेवीचा श्वास अडकला.

मग महादेवी उडाली. हात छातीकडं धावायला निघाला… आणि जागेवर राहिला. डावा पाय उजव्यावर चढला, सगळं नांदेड एकदा तिच्याभोवती फिरून आलं, आणि ती उतरली. उजव्या पायावर. उभी.

परीक्षकांनी बराच वेळ डोकी जुळवली. उतरताना गौरम्माचा डावा पाय गुडघ्यात वाकला होता, महादेवीचा सरळ होता. जागा लातूरला गेली. गौरम्मा रडली, मग नाक पुसून भावाला शोधायला गेली, भांडायला.

बसस्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा बहीण-भाऊ दोघंही तिथं होते. खिडकीखाली मन्मथ उभा, केस विस्कटलेले. भांडण झालेलं दिसत होतं.

"त्या दिवशी उत्तर दिलं न्हाई तुम्ही," महादेवी खिडकीतून म्हणाली.

"काय देऊ? पाय तर पहिल्या आठवड्यातच बघून झाले होते," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "नंतर मी तुम्हालाच बघायला येऊन राहिलो. हे भिंतीवरून सांगायचं कसं…"

पंचशीलानं तिला कोपरानं ढोसलं.

"सख्ख्या बहिणीला हरवून दुसरीला जिंकवणारा माणूस," महादेवी म्हणाली, "उद्या तिसरी दिसली तर मला हरवायला कमी करणार न्हाई. मला तुमचा लई संशय हाय."

"मग?"

"मग नजरेसमोरच ठेवावं लागंल." कंडक्टरनं घंटी ओढली, गाडी हलली. "सोमवारी अप्पा घरी असतात. एकटे येऊ नका, आईला घेऊन या."

गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर पडली, तरी मन्मथ तोंड उघडं टाकून उभाच. शेवटी गौरम्मानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घराकडं वळवलं. आईला पहिल्यांदा कोण सांगणार, यावर दोघं वाटभर भांडत गेले.