वरची लहर

सोलापूरच्या नवजात शिशू रुग्णालयात वेदनादर्शक यंत्राच्या पडद्यावरची लहर उसळली आणि बघता बघता ओसरली.

"बघितलंत?" डॉ. हेमंत तडवळकर म्हणाले. "सुई टोचली, दुखलं, थांबलं."

तडवळकर राज्याच्या बालआरोग्य मंडळाचे प्रमुख. शमनबिंदू हे गोडसर वेदनाशामक थेंब तान्ह्या बाळाच्या जिभेवर टाकले की रडणं थांबे. टाचेतून रक्त घेताना सुईआधी प्रत्येक बाळाला तेच द्यायचे आणि पाय बधिर करण्याची पद्धत कायमची बंद करायची, असा नियम त्यांनी केला होता. तो लागू होण्याआधीची शेवटची पाहणी डॉ. शलाका बिराजदार यांच्या कक्षात चालली होती.

शलाका पडद्याकडे बघतच नव्हती. पाळण्यातल्या त्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा चेहरा शांत झाला होता खरा, पण पायाची बोटं घट्ट आवळलेली होती आणि छाती धपापत होती.

"सर, याचं दुखणं थांबलेलं नाही."

"यंत्र म्हणतंय थांबलं."

"मग यंत्र चुकतंय."

तडवळकर हसले. "बिराजदार, माया असावी. पण विज्ञान मोजमापावर चालतं."

शलाका त्यांच्याकडे वळली. "बरं. मग नीट मोजू."

तिने डॉ. इब्राहिम मुजावर यांना बोलावून घेतलं. हा वेदनादर्शक त्यांनीच बनवला होता. बाळाच्या नाजूक कातडीला काही चिकटवायला नको, म्हणून त्याचा संवेदक पाळण्यावर टांगलेला असे आणि मेंदूच्या लहरी दुरूनच टिपत असे.

"मुजावर सर, वेदना ओळखायला याला शिकवलंत कोणावर?"

"मोठ्या माणसांवर. कुठे, किती दुखतंय ते सांगू शकणारी माणसंच लागतात ना."

"आणि बाळाच्या लहरी?"

"त्या फार मंद, फार क्षीण. मंद लहरी आपण गोंगाट समजून गाळून..." मुजावर बोलता बोलता थांबले.

"गाळणी काढा," शलाका म्हणाली.

दुपारी त्याच बाळाचं रक्त पुन्हा तपासायचंच होतं. आता पडद्यावर दोन रेषा होत्या. वर नेहमीची, खाली गाळणीतून सोडवलेली मंद लहर. बाळाची आई सुवर्णा पाळण्यापाशी वाकून उभी होती. शलाकाने तिला काचेपलीकडे जायला सांगितलं आणि तडवळकरांना म्हणाली, "सर, तुम्ही या इथं, संवेदकाखाली. जवळून बघा."

थेंब दिले, सुई टोचली. बाळाने टाहो फोडला. दोन्ही लहरी उसळल्या. थेंबांचा अंमल चढला, बाळ गप्प झालं आणि वरची लहर उतरली. खालची तशीच उसळत राहिली.

"वरची उतरली ना!" तडवळकर म्हणाले. "खालचा गोंगाटच आहे."

"सर, जरा मागे सरता?"

बाकीचे आधीच दूर झाले होते. तेही भिंतीपर्यंत मागे गेले. वरची रेषा पडद्यावरून नाहीशीच झाली. ते चकित होऊन पुढे आले, तशी ती परत उमटली.

मुजावरांनी कपाळाला हात लावला. "संवेदक जवळच्या मोठ्या मेंदूला पकडतोय. आजवर आपण बाळाजवळ उभ्या असलेल्या माणसाची कळवळ मोजली."

"औषध काम करतं, सर," शलाका म्हणाली. "तुमच्यावर. बाळ गप्प झालं की तुमचं दुखायचं थांबतं."

काचेचं दार उघडून सुवर्णा आत आली होती. "म्हणजे डॉक्टरबाई, इतके दिवस त्याला दुखत असूनही तो गप्प होता?"

शलाकाने होकारार्थी मान हलवली.

तडवळकर आधी सावरले. "खालची लहर वेदनाच आहे, याला पुरावा काय? उगाच हे बाहेर बोललात, तर तुमची इथली नेमणूक राहणार नाही."

"मी बाहेर बोलणार आहे. नेमणूक काढायची तर काढा. पण तोवर हा कक्ष माझा आहे, आणि पाय बधिर केल्याशिवाय इथं कोणी सुई उचलणार नाही." ती परिचारिकेकडे वळली. "रक्त कमी निघालंय. बधिरीकरणाचं मलम आणा. तुम्हाला पुरावा हवाय ना, सर? थांबा."

मलम मुरेपर्यंत सगळे थांबले. तडवळकर पुन्हा संवेदकाखाली येऊन उभे राहिले. बाळाला थेंब दिले नाहीत. शलाकाने टाच धरताच गार हाताच्या स्पर्शाने ते बिथरलं आणि सारा कक्ष दणाणून सोडत रडू लागलं. सुई टोचली. खालची लहर हललीसुद्धा नाही.

"नुसतं रडतंय," मुजावर पुटपुटले. "दुखत नाहीये."

वरची लहर मात्र उंच उंच चढत होती. तडवळकरांच्या कपाळावर घाम आला होता. नकळत त्यांचा हात शमनबिंदूंच्या बाटलीकडे गेला.

शलाकाने बाटली उचलून खिशात घातली.

"ते दुखणं तुमचं आहे, सर," ती म्हणाली. "सोसा."