तिसरं कार्ड

"केसाने गळा कापलात माझा, बाई!"

सकाळी अकराला दुकानातला फोन वाजला आणि पलीकडून हेच पहिलं वाक्य. चिमटाताईचा हात जागच्या जागी थांबला. लॅपटॉप उघडून दुरुस्त करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. अंबाड्यात कायम चिमटा खोचलेला असायचा, म्हणून हे नाव. बाई मुलखाची फटकळ, पण लबाड असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"कोण बोलतंय ते आधी सांगा. गळ्याचं मग बघू."

बोलणारी भाषांतरकार होती. पाय अधू, तीन जिने उतरायचे म्हणजे दिव्य, म्हणून तिचा लॅपटॉप दरवेळी मोठा भाऊच दुकानात आणायचा. जुनं वायफाय कार्ड जळलं, तेव्हा चिमटाताईने नवं बसवलं होतं. ते दगा देतं म्हणून महिन्याभरात दुसरं. पण दोन्ही वेळा ऐन परीक्षेत नेट गेलं. पास झाली तर हॉस्पिटलात दुभाष्याची नोकरी मिळणार होती, राहायला खोलीसुद्धा. परीक्षा व्हिडिओवर, आणि तिसरी संधी शेवटची. आज दुपारी चारला. आत्ता तालीम करायला बसली तर नेट पुन्हा लटपटायला लागलेलं.

"त्याला हात लावू नका. मी येते," चिमटाताई म्हणाली. पिशवीत नवं कोरं तिसरं कार्ड टाकलं आणि दुकानाला कुलूप लावलं.

दार भावाने उघडलं. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज.

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मीच आणला असता. पुन्हा ती पांढरी तारच सुटली असणार. राग मानू नका, पण तुमचा माल हलका."

चिमटाताई तडक आत गेली. न बोलणं तिला जड गेलं.

हॉलमध्ये फळीवर राउटर होता. बहीण मागच्या खोलीत बसली होती, डोळे सुजलेले. चिमटाताईने लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढता काढता विचारलं,

"नेट कुठे जातं? सगळीकडे?"

"नाही. हॉलमध्ये चालतं. इथे दार लावून बसले की जातं. परीक्षेला शांतता लागते ना!"

"आणि रोजच्या कामाला?"

"त्याला नेट लागतच नाही. यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करते. दादा पेनड्राइव्हवर घेऊन जातो."

"कुठे?"

"त्याच्या ऑफिसात. हे काम त्यानेच आणून दिलं मला."

"लॅपटॉपला आणखी कोण हात लावतं?"

"कुणीच नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी दादा पुसून, चार्ज करून ठेवतो, तेवढंच. फार जीव आहे हो त्याचा माझ्यावर."

पाठ निघाली. कार्डावर सिग्नल पकडणाऱ्या दोन बारीक तारा, काळी आणि पांढरी, त्यांच्यावर काळ्या टेपचा तुकडा. चिमटाताई त्या तुकड्याकडे बघतच राहिली. मग टेप उचलली, पांढरी तार बोटाने दाबली. टक्क. लॅपटॉप सुरू केला, खोलीचं दार लावलं. नेट ठणठणीत.

"दादांना बोलवा," ती म्हणाली.

भाऊ आला. "काय, कार्डच खराब ना?"

"कार्ड उत्तम आहे. मागचंही उत्तमच होतं. चूक माझीही आहे. माझ्या दुकानात राउटर डोक्यावर टांगलेला. तिथे तार सुटलेली असली तरी नेट चालतं. म्हणून पहिल्या वेळी तार सैल दिसली, तेव्हा मी कार्डालाच दोष दिला. त्यावर मी लावलेली टेपही गायब होती. मीच तुम्हाला विचारलं, टेप कुठे गेली? आठवतं?"

भावाने शर्टाची बाही नीट केली.

"या वेळी टेप आहे. पण मी टेप दाताने तोडते. माझा पुढचा दात अर्धा तुटलाय, कडा कुरतडल्यासारखी निघते. हा तुकडा कात्रीने कापलाय, अगदी सरळ. खाली तार नुसती टेकवून ठेवलेली."

"मी काय करणार त्याला?"

"मी तुम्हाला 'तार' म्हणाले होते. पांढरी कधी म्हणाले? मी पडद्यामागे काम करते, गिऱ्हाइकाला आत येऊ देत नाही. आज तर लॅपटॉप उघडायच्या आधी, दारातच तुम्ही रंग सांगितलात!"

"पण दादा असं का करेल?" बहीण म्हणाली.

"तुमची भाषांतरं ऑफिसात कुणाच्या नावावर जातात, विचारा."

तिने विचारलं नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं. भावाने मान खाली घातली.

"तू गेलीस तर माझं काय? मला एक पान जमत नाही गं. पंधरा दिवसांत हाकलतील."

"दोन्ही वेळा माझी परीक्षा बुडाली, तेव्हा डोक्यावरून हात फिरवत बसला होतास माझ्या. रडलासही! परक्याने केलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. तुला काय देऊ रे?"

चिमटाताईने दाताने टेप तोडली, तारांवर चिकटवली, स्क्रू आवळले.

"मी तुम्हाला नको ते बोलले, ताई," बहीण म्हणाली.

"बोललात ते बरोबरच. माणूस तेवढा चुकला."

चारला पाच मिनिटं असताना बहिणीने पेनड्राइव्ह भावाच्या हातात ठेवला. "सोळा पानं झालीत. उरलेली चोवीस तू कर. सोमवारी द्यायचीत ना?"

आणि तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

चिमटाताई त्या दारासमोर खुर्ची टाकून बसली. तासभर आतून बहिणीचा आवाज येत होता, एकदा या भाषेत, एकदा त्या, कुठेही न तुटता. भाऊ हॉलमध्ये आपल्या कॉम्प्युटरवर सतरावं पान उघडून बसला होता. पाच वाजले, तरी पहिली ओळ झाली नव्हती. तिसरं कार्ड पिशवीत न फोडलेलंच राहिलं.