चांद्र वस्तीतला गौरीचा झोपाळा

झोपाळा झुलतच नव्हता. मृण्मयी आज्ञा देई, की तो नुसता आखूड होई, पुन्हा लांब होई. ओली चादर वाळताना आटावी, तसा. तिने वळणाचे अंश वाढवले, तर तो आणखी आखडला.

चंद्रावरच्या त्या वस्तीत चैत्र लागला, की घरोघरी गौर बसे. पण जमिनीखालच्या खोल्या त्या, पायऱ्यांची आरास मांडायला जागा कुठून आणायची? म्हणून पितळेची इवलीशी गौर कोनाड्यात बसवायची आणि आरास समोरच्या भिंतीवर, संगणकाच्या उजळणाऱ्या पानावर करायची, अशी रीत पडली होती. पानावरच्या झोपाळ्यात गौरीचे चित्र बसे, मागे पायऱ्यांवर समयांची चित्रे. हे सारे शैलीपत्रकाने (पानावरची कोणती वस्तू कुठे आणि कशी दिसावी, हे सांगणाऱ्या आज्ञांनी) घडे.

कालच समोरच्या कावेरीकडे हळदीकुंकू झाले. तिच्या गौरीचा झोपाळा भिंतीतून बाहेर येई आणि परत आत जाई. बायकांनी कौतुक केले, त्याचे मृण्मयीला एवढे काही वाटले नाही. पण आईनेही कावेरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग मृण्मयीने आंब्याच्या डाळीची वाटी तशीच बाजूला ठेवली. आज संध्याकाळी हळदीकुंकू त्यांच्या घरी होते.

हवेच्या चाळण्या झाडायला बुधा आला. बुधा हा वस्तीचा यंत्रमानव. आठवडाभर तो कावेरीकडे होता, म्हणून मृण्मयीने त्याला काही विचारायचे नाही, असे ठरवले होते.

“झोपाळा आजारी आहे का, ताई?” बुधाने विचारले.

“तू जा तिच्याकडेच. तिची कामं उरली असतील.”

“मी चाळण्यांसाठी गेलो होतो. चाळण्या कोणाची बाजू घेत नाहीत.”

मृण्मयीला हसू आले, ते तिने गिळले. पण संध्याकाळ जवळ येत होती. शेवटी तिने सगळे सांगितले. झोपाळ्याची कडी वरच्या टोकाला ठेवली होती, तिथूनच तो वळत होता. चूक कुठे होती, ते तिला कळत नव्हते.

बुधाने हळदीकुंकवाचे तबक उचलले आणि तिच्या नाकाजवळ धरले. मग तेच तबक घेऊन तो दाराशी गेला. तबक केव्हा मोठे दिसले, त्याने विचारले. जवळ होते तेव्हा, ती म्हणाली. त्यात काय विचारायचे?

मग त्याने सावकाश उलगडून सांगितले. पानाला तीन दिशा असतात. एक आडवी, एक उभी आणि तिसरी खोलीची, म्हणजे आपल्याकडे येणारी आणि आपल्यापासून दूर जाणारी. झोपाळा या तिसऱ्या दिशेने खरोखर पुढे येत होता. पण पाहणारा किती अंतरावर उभा आहे, हे पानाला कोणी सांगितलेच नव्हते. मग पान समजते, पाहणारा अनंत दूर आहे. इतक्या लांबून जवळचे आणि दूरचे सारखेच दिसते. उरते फक्त आखडणे.

“पानाला डोळा द्यायचा राहिला, ताई. दृष्टी-अंतर (पाहणाऱ्याचा डोळा पानापासून किती लांब आहे, ते माप) लिही. आराशीतल्या सगळ्या वस्तूंना पोटात घेणाऱ्या चौकटीवर लिही, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच डोळा.”

“कावेरीने किती लिहिलंय?”

“आठशे पिक्सेल.” (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका.)

“आणि आकडा लहान केला, तर झोपाळा जास्त बाहेर येईल?”

“डोळा जवळ येईल, तशी जवळची वस्तू मोठी दिसेल. पण जपून.”

जपून हा शब्द तिने ऐकलाच नाही. तिने शंभर लिहिले. झोपाळा पुढे निघाला, फुगला, भिंतभर झाला आणि त्याचा खालचा भाग दिसेनासा झाला. वर दोऱ्यांची टोके तेवढी उरली.

त्याच वेळी आई विजेवरचे निरांजन घेऊन आत आली. उघडी ज्योत लावायला वस्तीत परवानगी नव्हती. भिंतीकडे पाहून ती जागीच थांबली.

“गौर कुठे गं गेली?” तिने हळूच विचारले.

झोपाळा डोळ्याच्याही पुढे निघून गेला, बुधा म्हणाला, आणि डोळ्याच्या मागचे डोळ्याला कसे दिसणार? मृण्मयीने मान खाली घालून शंभर खोडले आणि सातशे नव्वद लिहिले.

“आठशेत आणि यात फरक कळणार नाही,” बुधा म्हणाला.

“मला कळेल.”

झोपाळा डौलात पुढे आला. गौर दिसली. आईने हात जोडले.

संध्याकाळी हळदीकुंकवाला कावेरी तिच्या आईबरोबर आली, ती भिंतीसमोरून हलेचना. मृण्मयी कौतुकाची वाट पाहत होती. कावेरी मात्र खालच्या आवाजात म्हणाली, “तुझ्या मागच्या समया मधोमध एकमेकींजवळ येत गेल्यात. माझ्या नुसत्या लहान होतात, जिथल्या तिथे. पायऱ्या खोल वाटतच नाहीत.” आणि तिने समोर आलेली डाळ बाजूला ठेवली.

त्या बाजूला ठेवलेल्या वाटीकडे मृण्मयी पाहतच राहिली. कालची तिची वाटी अशीच तर होती. कावेरीचे कुठे चुकले, ते तिला आता कळत होते. सांगितले नाही, तर आपलीच आरास वस्तीत सरस ठरणार होती. मग तिने वाटी उचलून कावेरीच्या हातात दिली.

“तू प्रत्येक समईला वेगळा डोळा दिला असशील. म्हणून प्रत्येक डोळा आपल्या समईपुरतंच बघतो. ते सगळे काढ आणि चौकटीला एकच दे. खा आधी, मग तुझ्या घरी जाऊन करू.”

कावेरीने डाळ खाल्ली. मग विचारले, “दोन्ही घरांची मिळून एकच चौकट केली तर?”

बाकीची घरेही सामील झाली आणि अक्षय्य तृतीयेला वस्तीतल्या बोळाची लांब भिंत एक पान झाली. साऱ्या वस्तीच्या गौरी तिच्यावर एका तालात झुलल्या. दोघींनी डोळ्याची जागा ठरवली, ती बोळाच्या मधोमध, मृण्मयीची आई निरांजन घेऊन उभी राहते तिथे. पुढच्या चैत्रात पृथ्वीवरच्या मावशीच्या घरची भिंतही या चौकटीत घ्यायची, असे त्या बुधाला सांगत होत्या. मृण्मयीने माप लिहिले. या वेळी तिने आठशेच लिहिले.